दुसरा गाल

टिपणीसबाई महिन्यातून एकदा येतात, केसांना मेंदी लावायला,
गोखले रोडच्या आमच्या माडीवर, दुपारी, गर्दी नसताना.
आज पर्समधून पावडरचा जुना डबा काढला:
आत कापसात सात नाणी.
"जांभळी नाक्यावर दाखवली. तो म्हणाला, चांदी आहे,
साडेतीन मासे एकेक, वितळवून जोडवी होतील.
ह्यांचा जीव होता त्यांच्यात.
तू बघ गं जरा ह्या बायकांकडे."

मला कुठलं रोमन कळतंय.
पण मान कळते, आणि केस.
भुवया कोरायचं भिंग लावून म्हटलं,
बाई, हा अंबाडा एकटीने घातलेला नाही.
वेण्या घालून, पेड उलटा फिरवून टाळूवर बसवलाय.
कुणीतरी मागे उभं होतं तासभर,
दातांत आकडे धरून.
आणि हिचं तर गंगावन आहे. कानापाशी बघा,
खालून तिची स्वतःची एक बट सुटलीय.

काठाने अक्षरं. बाईंना वाचता येतात, नवऱ्याने शिकवलेली:
फाउस्टिना. युलिया.
मागे उभी होती तिचं नाव नाही.

सगळ्यांचा एकच गाल, एकच डोळा.
छापा उलटला की वाटतं, आता दुसरा दिसेल,
तर काट्यावर देवी:
एकीच्या पायाशी मोर,
एकीच्या हातात कणसं,
एक नुसतीच बसलेली, पदर तोंडाकडे ओढून,
बेल वाजल्यावर आपण ओढतो तसा.
"ही शालीनतेची," बाई म्हणाल्या. "ह्यांची आवडती."
आणि हसल्या. मेंदीचा ओघळ भुवईपर्यंत आला.

म्हणजे दुसरा गाल त्या आकडेवालीनेच पाहिला.
तीळ असेल. देवीचे वण असतील.
हनुवटी चिमटीत धरून तिने तोंड उजेडाकडे वळवलं असेल,
"हलू नका" म्हणाली असेल
सम्राटाच्या बायकोला.

निघताना मोजली: सहा.
मग आम्ही दोघी फरशीवर, गुडघ्यांवर,
सकाळपासूनच्या केसांत बोटं घालून,
काळे, पांढरे, तांबडे.
पदरवाली सापडली खुर्चीच्या चाकाखाली,
कुणाचा तरी केस गुंडाळून.

वितळवू नका, असं मी म्हटलं नाही.
बाईंनी फोनवरून पैसे दिले, सहाशे चाळीस.
माझ्या स्क्रीनवर नाव आलं: दिनकर केशव टिपणीस.
येत्या भाद्रपदात त्यांना जाऊन दोन वर्षं होतील.
मी वही काढली आणि नेहमीसारखं लिहिलं:
टिपणीसबाई, मेंदी.