पुठ्ठा उजेडाला धरून

अण्णा जकार्डचे पुठ्ठे मारायचे.
अशोक चौकाच्या आत, तिसऱ्या बोळात,
एक पंचिंग मशीन, एक पिवळा बल्ब.
जिथं भोक, तिथं सुई आत, ताणा वर.
जिथं नाही, तिथं नाही.
एवढ्यावरच चादरीवर मोर चालत यायचा.

कुणाच्या मागावर मोराची चोच वाकडी विणली गेली
की तो माणूस पुठ्ठ्यांची माळ खांद्यावर टाकून
जेवणाच्या वेळेलाच यायचा.
अण्णा उष्टा हात तसाच ठेवून
डाव्या हातानं पुठ्ठा बल्बसमोर धरायचे, एक डोळा मिटून.
"चूडम्मा, दिसालंय का? इथं एक भोक जास्तीचंय."
मला दिसायचं. मी आठ वर्षांची होते.
कागदाचा तुकडा, खळीचं बोट,
चोच परत जागेवर.
मजुरी पंचिंगची. उजेडात बघायला
पैसे कुणी मागितल्याचं मला आठवत नाही.

मी आता जन्म-मृत्यूच्या खिडकीत बसते.
अकरा वर्षं झाली.

सत्तेम्मा गुर्रम चौथ्यांदा आल्या.
नवरा राजेशम, मयत, वय एकसष्ट.
मी टाइप करते गुर्रम, पडद्यावर गुर्रम,
कागदावर गुरम.
सॉफ्टवेअर रफार खातं.
फंडाचं ऑफिस म्हणतं, हे दोन वेगळे इसम.
"माणूस एकदाच मेला की गं बाई,"
सत्तेम्मा म्हणतात,
"दोन आडनावांनी कसा मरल?"

कंपनीला कळवलं.
उत्तर आलं : ही त्रुटी नसून नवीन मागणी आहे.
सोबत दरपत्रक.
एका रफाराचे बेचाळीस हजार, कर वेगळा.
शिवाय एकतीस मार्चला मुदत संपते,
मग पडदा राखाडी होतो
आणि आमच्याच गावातली बाळं,
आमचीच मेलेली माणसं
पलीकडं बसून राहतात,
आम्ही अलीकडं.
वही आपली आणि कुलूप भाड्याचं,
असा संसार कुणी केलाय का?

मी टिपणी लिहिली, दोन पानी.
उघडं सॉफ्टवेअर घ्यावं.
ज्याची वीण कुणालाही वाचता येते,
उसवलं तर आपल्याला शिवता येतं,
आणि आपण शिवलेलं दुसऱ्या गावालाही चालतं.
साहेबांनी चष्मा कपाळावर नेला.
"फुकटच्या वस्तूला वाली कोण, मॅडम?"
म्हटलं, फुकट नाही साहेब, उघडी.
मजुरी द्यावीच लागेल.
पण ती इथल्या पोरांना द्या,
हाक मारली तर जिन्यानं वर येतील अशांना.
कुलपाचं भाडं तेवढं बंद करा.
"आणि उघडं म्हणजे कुणीही आत येईल."
म्हटलं, पुठ्ठा सगळ्यांना दिसायचा, साहेब,
म्हणून तर चूक लपायची नाही.
चादर मात्र ज्याची त्याच्याच घरी असायची.
ते हसले. बहुतेक पुठ्ठ्याला.
समासात लिहिलं : चर्चा करावी.

तौफिक बागवान, कंत्राटी, कॉम्प्युटर विभाग.
रविवारी त्यानं भंगारात काढलेल्या मशीनवर
तसलं एक उघडं सॉफ्टवेअर चढवलं.
त्यातही रफार पडत होता!
मी कपाळाला हात लावला.
तो म्हणाला, थांबा की, आत बघू.
आत बघू.
किती वर्षांनी ऐकले हे दोन शब्द.
ओळींमागून ओळी, मला त्यातलं काही कळेना,
तरी मी एक डोळा मिटला.
दुपारच्या अजानच्या आसपास त्याला ती ओळ सापडली,
एक अक्षर जास्तीचं होतं.
त्यानं ते काढलं, आणि दुरुस्ती
ज्यांनी ते सॉफ्टवेअर बनवलं त्यांनाही पाठवून दिली.
आम्ही शेंगाचटणी आणि कडक भाकरी खाल्ली.

सोमवारी सत्तेम्मांना साधा कागद दिला.
नमुना म्हणून. बिनशिक्क्याचा.
त्यांना वाचता येत नाही,
पण आडनाव कसं दिसतं ते ठाऊक आहे.
त्यांनी कागद खिडकीकडं वळवला,
उन्हात धरला,
गुर्रमच्या डोक्यावरच्या त्या आकड्यावर
बोट ठेवलं.
"आला की," म्हणाल्या.
मग, "आणि शिक्का?"

फाईल अजून वरच आहे.