रंगीत तालीम

बाबांनी मुलाखतीसाठी स्वेटर बदलला.
माझी मुलाखत, त्यांचा स्वेटर.
"पॅनेलवर बसायचं तर नीट दिसायला हवं," म्हणाले,
आणि स्वयंपाकघरातल्या टेबलापलीकडे,
जिथे एरवी जाळं दुरुस्त करत बसतात,
तिथे अध्यक्ष होऊन बसले.

प्रश्न मी मासळीच्या जुन्या पावत्यांच्या
पाठीवर लिहिलेत.
एका बाजूला कॉड, किलो, दर,
दुसऱ्या बाजूला: दबावाखाली तुम्ही निर्णय कसे घेता?
बाबा आधी दराचीच बाजू वाचतात.
"अठ्ठ्याण्णव साली बघ काय भाव होता!"
"बाबा, पलटा."

सकाळचे अकरा. खिडकीबाहेर वार्दो,
बंदरावर पिवळे दिवे.
नोव्हेंबरात गेलेला सूर्य अजून रजेवरच आहे.
उद्या पहाटेची बोट, मग किर्केनेस,
मग रुग्णालयाचा तिसरा मजला,
तीन माणसं आणि पाण्याचा एक जग.
अठरा वर्षं या बेटावर
एकटीनं दवाखाना रेटलेल्या बाईला
ती विचारणार, चारचौघांत काम करता येतं का?

बाबा चष्मा पुसतात. आवाज बदलतात.
तो आवाज ते फक्त
बँकेत आणि चर्चमध्ये लावतात.
"डॉक्टर राग्नफ्रीड एलिंगसेन,
तुमच्यातला एक दोष सांगा."
"मी कामात फार गुंतून जाते."
"हे काय उत्तर झालं?
तुझ्या हाताला एक रोप जगत नाही, ते सांग.
फोन वाजला की भरल्या ताटावरून उठतेस, ते सांग.
तुझा नवरा…"
इथे अध्यक्ष थांबतात
आणि पुढची पावती घेतात.

"तुमच्या हातून झालेली एक चूक."

हे उत्तर मला तोंडपाठ आहे.
आरशासमोर म्हटलंय,
बेकरीच्या रांगेत मनातल्या मनात म्हटलंय.
एक रुग्ण, पुरुष, वय एकसष्ट,
डावा खांदा दुखतो म्हणून आला.
आठवडाभर पेट्या उचलल्या होत्या.
मी मलम दिलं. ईसीजी काढला नाही.
रविवारी तो बोटीवरच गेला.
यातून मी शिकले, की.
त्यानंतर आम्ही नियम केला, की.
'की'च्या पुढची वाक्यं
म्हणून म्हणून गुळगुळीत झालीत,
कुठेच टोचत नाहीत.

नाव मी घेतलं नाही. गोपनीयता.
पण वार्दोत गोपनीयता ती किती असणार?
तो ओस्वाल्ड होता, हे या टेबलालाही ठाऊक आहे.
बाबांच्या बोटीवर सव्वीस वर्षं
त्यांच्या उजव्या हाताशी उभा राहणारा.

बाबा पावती उलटी करतात. कॉड, किलो, दर.
पुन्हा सुलटी.
चष्मा काढतात. आणि घरच्या आवाजात:
"छातीत जड वाटतं, असं तो मला म्हणाला होता.
शुक्रवारी. तुझ्याकडे यायच्या आधी.
म्हणाला, पोरीला खांदाच सांगतो,
नाहीतर हंगाम संपेस्तोवर घरी बसवेल.
मी म्हटलं, बरं."

फ्रीज गुरगुरतो, थांबतो.

"ईसीजी तरीही काढायला हवा होता," मी म्हणते.
"हो," म्हणतात.

आठ वर्षं ही चूक
मी एकटीच्या नावावर वागवली,
सातबारा असावा तशी.
आज कुणी त्यातला अर्धा वाटा मागतंय
तर देववत नाही.

बाहेरून बर्फ काढणारी गाडी गेली, कप थरथरले.
पुढचं काही दोघांनाही पाठ नव्हतं.
मग त्यांनी चष्मा लावला,
गळ्याशी स्वेटर सारखा केला,
उरलेली एकच पावती उचलली
आणि बँकेच्या आवाजात, जमेल तितक्या, वाचली:
"तुम्हाला आम्हाला काही विचारायचं आहे का?"

होतं.
उद्याच्या ब्लाउजला इस्त्री व्हायची होती.
"कॉफी उरलीय का?" मी विचारलं.
त्यांनी किटली उचलून
कानाशी हलवून पाहिली.