हलवू नये

रक्तपेढीत माझं काम हलवायचं.
पांढऱ्या टाइलवर रक्ताचे तीन थेंब,
त्यांत एक निळा थेंब, एक पिवळा, एक बिनरंगाचा.
काडीनं कालवायचं, मग टाइल मनगटात झुलवायची
सुपात ज्वारी घोळवावी तशी, हळू.
रक्त एकजीव राहिलं, तर नाही.
तुपासारखं रवाळ झालं, तर हो.
एकोणीस वर्षं मी हो-नाही लिहितोय
अंबाजोगाईत, कुरकुरत्या पंख्याखाली.

तस्लीम नवीन आहे, परळीहून येते-जाते.
तिनं विचारलं, सर, ह्या बाटल्यांत नेमकं असतं काय?
म्हटलं, शब्द. एकीत एकच.
उंदराच्या प्लीहेतली पेशी, तिला एकच खूण ओळखता येते,
पण आयुष्य चार दिवसांचं.
दुसरी कर्करोगाची. तिला काहीच ओळखता येत नाही,
फक्त मरता येत नाही.
दोघींची गाठ बांधून देतात,
शहाण्णव खळग्यांच्या ताटलीत वेगवेगळं बसवतात
आणि विचारत जातात: तू ओळखतेस? तू? तू?
हो म्हणेल तिचा वंश वाढवतात.
बाकीच्या ओतून देतात.

डिप्लोमाला हे पाच मार्कांना होतं.
कर्करोग हा शब्द मी तेव्हा
न अडखळता लिहिला होता.

नागरताईचा रिपोर्ट पुण्याहून आला.
हर-टू, तीन प्लस.
ती खूणसुद्धा असल्याच एका शब्दानं शोधलेली,
काचपट्टीवर तपकिरी, कात सांडल्यासारखी.
डॉक्टर म्हणाले, बरं झालं, ह्याला औषध आहे.
बरं झालं.
मी जिना उतरेपर्यंत ते दोन शब्द तोंडात घोळवले.

दर एकवीस दिवसांनी लातूर.
थर्माकोलचा डबा, बर्फाच्या चार पिशव्या,
मधे अंगठ्याएवढी कुपी,
बारीक अक्षरांत: गोठवू नये. हलवू नये.
फेस झाला की शब्द मोडतो म्हणे.
आणि एसटी तर हलवण्यासाठीच जन्मलेली.
रेणापूरपर्यंत मी डबा मांडीवर ठेवला,
पुढं दोन्ही हातांवर, अधांतरी.
खड्डा आला की मी सीटवरून अर्धा उठायचो.
कंडक्टर म्हणाला, मासळी हाय का काय?
मी म्हटलं, नाही, औषध.
त्यानं डब्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं,
लगेजचं तिकीट फाडलं नाही
आणि बर्दापूर फाट्याला ड्रायव्हरला ओरडला,
आरं दमानं घे की जरा!

ताईला सगळं सांगावं लागतं.
सलाईन लागल्यावर तिनं विचारलं,
म्हंजी हे उंदराचं?
म्हटलं, पहिल्यांदा होतं. आता बदललंय.
टोकाला, खूण धरायच्या जागी, तेवढा उंदीर.
बाकी सगळा माणूस.
ती हसली, टाके ओढेपर्यंत हसली.
आपल्याकडं उलटंच की रं,
वरून समदा माणूस अन् टोकाला...
मग गप्प झाली.
जल्मभर कणगीतल्या उंदरांमागं झाडणी घेऊन पळाले,
आता कुठल्या तोंडानं मारू?

शेजारच्या खाटेवरच्या बाईचा रिपोर्ट वेगळा होता.
तिच्या पेशींवर ही खूणच नव्हती,
तिच्यासाठी हा शब्द आंधळा.
ती आमच्या कुपीकडं पाहत होती.
मी डबा पायानं खाटेखाली सरकवला.

थेंब पडत होते. निळा नाही, पिवळा नाही,
पाण्यासारखे.
रवाळ होतंय का, हे इथं डोळ्यांना दिसत नाही.
हो की नाही, लिहायला रकाना नाही.
अर्ध्या तासानं ताईनं माझ्या मनगटावर हात ठेवला,
तेव्हा कळलं,
रिकामा हात मी कधीचा झुलवत होतो.
गप बस की रं, ती म्हणाली.
त्याच्यावर लिवलंय ना.