जांभळा वेढा

रेडिचच्या कारखान्यात, उत्तरेच्या खिडकीशी
एडिथ ट्रान्टर रेशीम गुंडाळायची.
चिनी कळकाच्या सहा कामट्या
सरसाने एकजीव झालेल्या,
सांधा नखालाही लागायचा नाही.

वेढ्याला वेढा. गाठ मारायची नाही,
टोक आपल्याच वेढ्यांखाली
ओढून घ्यायचं.
मग व्हार्निश. मग धूळ बसू नये म्हणून
कुणी शिंकायचंसुद्धा नाही.

काठीवर काळ्या शाईत नाव मालकाचं.
तिचा फक्त मुठीवरच्या हिरव्यात
एक वेढा जांभळा,
मोजायला बसलात तरच दिसेल.

मासा तिनं कधी धरला नाही.
नदी पाहिली ती बसमधून.

टेमच्या काठी आज कुणाचा तरी नातू
तीच काठी घेऊन उभा.
बार्बेल हिसका देतो,
कळक मुठीपर्यंत वाकतो.

गाठच नाही,
सुटणार काय?