दोन हात

वांढरे बाईंची वरची खोली
मी चौथ्यांदा घासून राहिलो.
जयताळ्यात आता खोल्या रिकाम्या राहत नाहीत,
राहिल्याच तर रंगापुरत्या.
अकरा महिन्यांचा करार संपतो, पोट्टे जातात,
मधले तीन दिवस माझे,
एक बादली पुट्टी, आणि खालून बाईंचा आवाज:
"हिरामण, ऑफ व्हाइटच घे रे,
फोटोत खोली मोठी दिसते."

घासलं की जुने रंग गोल गोल उघडे पडतात,
कापलेल्या कांद्यासारखे.
वर मोतिया. सहा हजार आठशे.
त्याच्याखाली पिस्ता, साडेचार.
सगळ्यात आत चुन्यातली नीळ,
तेव्हा खिडकीतून तुरीचं वावर दिसे,
भाडं होतं अठराशे
आणि वांढरे साहेब रस्त्यावर उभे राहून म्हणत,
कोणी तर राहा, बाप्पा.

मग हिंगणा रोडवर मेट्रोचे खांब आले.
कॉलेजच्या बसा आल्या,
मिहानच्या गाड्या रात्री दोनला गल्लीत वळू लागल्या,
आणि तर्री-पोह्याच्या ठेल्यावर
पोट्टे एकमेकांना विचारू लागले,
"तुझी केवढ्याची? कूलर धरून?"

कूलर धरून नसते.
कूलरचे पाचशे वेगळे, मार्च ते जून.
त्याच्या पाण्याचा डाग खिडकीखाली उतरतो,
दोन हातांत झाकत नाही,
तिसरा मी फुकट मारतो.

दाराच्या मागे
कुरखेड्याच्या नर्सिंगवाल्या पोरीचा पेन्सिलीतला हिशोब,
रूम, मेस, रिचार्ज, घरी.
"घरी"च्या पुढचा आकडा खोडलाय,
बाजूला नवा लिहिलाय, बारीक.
बालाघाटच्या दोघांनी छताला चांदण्या चिकटवल्या होत्या,
अंधारात चमकणाऱ्या.
पत्र्याने खरवडताना
नुसत्या पिवळ्या टिकल्या माझ्या डोक्यावर पडल्या.

आणि एक जण वर आलाच नाही.
फाटकाशी आडनाव सांगताना जरा थांबला होता.
बाई म्हणाल्या, "खोली कालच गेली."
मी शिडीवर होतो, ब्रश ओला होता,
खोली हीच होती.
माझं आडनाव त्यांनी बारा वर्षांत विचारलं नाही.
रंगवणाऱ्याला कोण विचारते?

मी स्वतः मागच्या गल्लीत,
पौनीकरांकडे, नऊ वर्षं.
मागच्या महिन्यात त्यांचा पोरगा आला,
मोबाईलवर बोट फिरवत म्हणाला,
"काका, तुमचं भाडं लय जुनं आहे."
जुनं असं म्हणाला जसं वरण आंबलं.
"चार पोट्टे ठेवले तर बेडचे अडीच अडीच,
दहा होतात. तुम्ही तीन देता."
हिशोब मला येतो. भिंतींवर वाचूनच आला.

जाता जाता तो दारात घुटमळला:
"आणि काका, खाली करताना
रंग तुम्हीच मारून द्या ना.
बाहेरचा माणूस फार घेते."
मी दर सांगितला.
बाहेरच्या माणसाचा.

वानाडोंगरीच्या पल्याड एक खोली पाहिली.
लेआउटला आरएल नाही, नळ नाही,
टँकर एक दिवसाआड.
सुनंदा आत गेली, चारी भिंतींना हात लावून आली
आणि म्हणाली, "कपाट इथे मावणार नाही."
म्हणजे हो म्हणाली.

काल मी आमची खोली रंगवली.
आधी खिळे काढले, नंतर कॅलेंडरमागचा
न उतरलेला चौकोन घासला.
गॅसच्या मागे फोडणीचा पिवळेपणा,
नऊ वर्षांचा,
प्राइमर मारला की परत वर येतो,
मुरलेला माणूस जसा बोलावल्याबिगर बोलतो.
तिथे तिसरा हात लागतो, मला माहीत आहे.

दोन मारले. ठरले होते तेवढे.
डबा बंद केला, ब्रश रॉकेलात धुतला.
एप्रिल-मेपर्यंत तो डाग फुटेल,
पोट्टे म्हणतील, ओल आली काय,
आणि अडीच हजारांच्या बेडवरून
कोणी तर उठून वास घेईल.