येणे बाकी

बर्फ कारखान्याची वही ही, लाल कापडी बांधणीची.
डावीकडे जमा, उजवीकडे नावे.
पहिली बावीस पानं लाद्यांची :
कुठल्या होडीला किती, रोख की उधार.
तेविसाव्या पानापासून बेसबॉल.

हसा खुशाल.
शरफुद्दीन मुकादम तेलाच्या जहाजावरून उतरला
एकोणनव्वद साली, हर्णैच्या बंदरात,
तेव्हा त्याच्या पेटीत अत्तर नव्हतं, घड्याळ नव्हतं.
चामड्याचे चार मोजे, एक बॅट,
आणि ह्यूस्टनच्या धक्क्यावर शिकलेले अर्धे नियम.
उरलेले अर्धे आम्ही पाण्याला विचारून ठरवले :
चेंडू गुडघाभर पाण्यात गेला तर दोन बेस,
होडीत पडला तर होडीवाल्याचा.

मॅचा तिथीवर.
अमावास्या-पौर्णिमेला सांजच्या सहाला
दर्या लांब मागं सरतो, मैदान किल्ल्याकडे धावत सुटतं.
अष्टमीला भांगाचं पाणी,
शॉर्टस्टॉप तेव्हा चिखलात उभा राहून शिव्या देतो.
पहिला बेस गोणपाट, दुसरा क्रेटचं झाकण,
तिसरा कोणाचा तरी गंजका नांगर,
आणि होम म्हणजे चैतालीच्या आईची पाटी, उलटी घातलेली.
खवले चिकटलेले असतात. घसरत आलात तर चमकत उठता.

यंदाचे जमा :
हेमनाथ पावसे, पिचर. जाळं फेकायचा खांदा.
चेंडू सुटला तरी हात उघडाच राहतो,
जसं काही परत ओढायचं आहे.
चैताली चोगले, कॅचर. बारावी नापास
(हे इथं लिहायचं कारण नाही, खोडतो).
फैजान सारंग धावतो सुंदर, कुठं थांबायचं ते कळत नाही.

नावे :
मुकादम स्वतः. दोन हजार अकरा, मे महिना.
आणि कृष्णाबाय, जी एकही मॅच खेळली नाही,
बघायलासुद्धा आली नाही,
पण सुरमईच्या जाळ्याच्या दोऱ्यानं
एकतीस चेंडू शिवून दिले तिनं. पैसे घेतले नाहीत.
विचारायची एवढंच : फाटतो कशानं रे इतका?

येणे :
भार्गव कालेकर, वय अकरा, डावखुरा.
चारही मोजे डाव्या पंजाचे, म्हणून तो
उजव्या हाताचा अंगठा करंगळीच्या घरात कोंबतो.
कारखान्याच्या मागल्या दारी फुटक्या लादीचे तुकडे
कावळ्यांना मारत बसतो.
तेरापैकी नऊ. कावळे मी मोजत नाही, नेम मोजतो.

आणखी एक येणे आहे, जुनं.
जनार्दन दोरकुळकर, सत्त्याण्णवची कार्तिकी अमावास्या.
तिसऱ्या बेसवर उभा होता, स्कोअर बरोबरीत,
आणि पाणी वर आलं.
पाटी तरंगायला लागली, मॅच सोडली.
पुढच्या अमावास्येला तो दोह्याला.
पान उलटताना दर वर्षी मी त्याला
पुढच्या पानावर ओढून घेतो, नांगराजवळ, तसाच.

परवा आला. लेकीच्या लग्नाला दहा लाद्या हव्यात म्हणाला.
पोट सुटलंय, डोक्यावर चष्मा.
वही उघडीच होती. त्यानं उलटी बाजूनं वाचलं,
काही बोलला नाही.
मग चपला हातात घेऊन पुळणीत उतरला.
भरतीची वेळ. ना नांगर दिसत होता, ना पाटी.
पिंढरीभर पाण्यात तो
एक एक पाऊल मोजत निघाला, अठ्ठावीस, मला माहीत आहेत,
सव्विसाव्याला मागल्या दारातून
बर्फाचा तुकडा सणसणत आला, टाचेवर बसला,
आणि एक पोरगा ओरडला : आऊट!

पेन्सिल सापडेस्तोवर पायाखाली ओल झाली होती.
आऊट की सेफ, ते मी आज लिहिणार नाही.
रेघ पाण्याखाली आहे.
अमावास्येला बघू.