मंगळवारचं टपाल

फाटक जसं सापडेल तसंच ठेवायचं, ब्रॉनी.
उघडं असेल तर उघडं, लावलेलं असेल तर लावून.
का ते विचारायचं नाही.

पहिल्या शंभर किलोमीटरमध्ये नेरिडा मूसा एवढंच बोलली.
मग पन्हाळी पत्र्यासारखा रस्ता सुरू झाला
आणि माझ्या दाढा, खिडक्या, थर्मासचं झाकण,
मागच्या पोत्यांतली लोकांची बिलं आणि वाढदिवस
सगळंच थडथडायला लागलं.
चाळीसनं गेलीस तर हाडं खिळखिळी, ती म्हणाली,
ऐंशीनं गेलीस तर गाडी वरच्या वर तरंगते.
आणि शंभरनं गेलीस
तर तुझं टपाल मला तुझ्या आईकडं पोचवावं लागेल.

तांबडं.
विटकरी, गंज, काव, असे शब्द मी सकाळी मोजत होते.
बारा वाजता ते संपले.
आभाळ इतकं रिकामं
की एक गरुड मेलेल्या कांगारूवरून उठला
तेव्हा दोघींनाही उगाच
कुणीतरी भेटल्यासारखं वाटलं.

पहिला थांबा म्हणजे रस्त्याकडेला उभा केलेला जुना फ्रिज.
मैलभर आत कुठंतरी घर आहे, दिसत नाही.
वरच्या कप्प्यात पत्रं, खालच्यात पंपाचा पट्टा,
अंड्यांच्या खोबणीत आमच्यासाठी ठेवलेली दोन लिंबं.

दुसऱ्या थांब्यावर ओटिस. वय अकरा.
त्याची शाळा डोंगलीएवढ्या अँटेनातून येते
आणि वारा सुटला की सुटते.
त्यानं वह्यांचा गठ्ठा घेतला, मला नीट पाहून घेतलं,
आणि नेरिडाला विचारलं, ही राहणार का?

पुढं तीन तास कुणी नाही.
मग क्षितिजावर धुळीचं शेपूट,
वीस मिनिटांनी त्याला फुटलेली गाडी,
आणि शेजारून जाताना
स्टिअरिंगवरून उचललेलं एकच बोट.
नेरिडानंही उचललं.
संपूर्ण हात कशाला हलवायचा, ती म्हणाली,
आपण काय बुडतोय?

उखडलेल्या रेल्वेच्या एका फलाटापाशी तिनं गाडी थांबवली.
रूळ गेले, स्लीपर लोकांच्या चुलीत गेले,
स्टेशनचं नाव पांढऱ्या मुंग्यांनी वाचून संपवलं.
खजुराची तीन झाडं. दोन मेलेली.
पणजोबा उंटांबरोबर बोटीतून उतरला होता,
खिशात ह्याच्या बिया, एवढं सांगून
तिनं वीस लिटरचा कॅन उचलला
आणि तिसऱ्याच्या बुडाशी सावकाश रिकामा केला.
पाणी मावळताना मातीनं एक आवाज केला,
तहानलेल्या कुत्र्यासारखा.
यादीत हा थांबा नव्हता.
मी यादी पुन्हा पाहिली.
यादीत नाही, ती म्हणाली. टपाल आहे.

गुडघ्यांच्या ऑपरेशनसाठी ती शहरात गेली.
मी एकटीनं काढलेला पहिला मंगळवार :
फाटकं जशी होती तशी ठेवली,
फ्रिजमध्ये बिलं, ओटिसला वह्या
(हो, राहणार, मी म्हणाले, आणि मलाच ऐकू आलं),
ऐंशीनं तरंगत फलाट मागं टाकला,
अकरा किलोमीटर पुढं गेले
आणि मागं कॅन डचमळला.

आता आधीच उशीर झालेला.
पुढं सात घरं वाट बघत असलेली.
आणि झाड काही तक्रार लिहिणार नव्हतं.

गाडी वळवली.
मैद्यासारख्या धुळीत चाकं रुतली, सुटली,
माझीच धूळ मला समोरून भेटायला आली
आणि तिच्यातून एक ट्रक.
टपालाची गाडी उलटी चाललेली पाहून
ट्रकवाल्यानं बोट उचललं, थबकला,
मग दुसरंही उचललं.
प्रश्नचिन्ह असावं ते.

मी एकच उचललं.